लेकीला जर्मनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे: कॉलेजचं पत्र, पैसे आणि बाकी सगळं

कोथरूडकरीण
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे.
लेक पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलला आहे, सातवं सेमिस्टर चालू आहे. दोन वर्षं रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकली, बी-१ पातळीची परीक्षा झाली आहे. तिनं स्वतःच अर्ज करून जर्मनीत टुटलिंगेन नावाच्या गावी एका कंपनीत इंटर्नशिप मिळवली आहे. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवतात. १ मार्चपासून सहा महिने, महिना ९५० युरो. राहायची सोय आपली आपण करायची.
इथपर्यंत आनंदीआनंद. आता कंपनीनं विचारलंय, की ही इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमात सक्तीची आहे का? असेल तर किती आठवड्यांची? कॉलेजचं पत्र पाठवा. कॉलेजातले प्लेसमेंटचे सर म्हणतात, 'आम्ही एनओसी देतो, त्याहून वेगळं पत्र आमच्याकडे नसतं.' कंपनीला एनओसी चालत नाहीये.
शिवाय अहोंचं म्हणणं, सहा महिन्यांत खर्च किती आणि पदरात काय? आणि मला आपली नेहमीची काळजी, पोरगी एकटी छोट्या गावात.
अनुभवी लोकांनी लिहावं, ही विनंती.

खवचट_शनिवारी
अभिनंदन! पण अहोंच्या बाजूनं एक मत नोंदवून ठेवतो. परदेशी इंटर्नशिप म्हणजे बहुतेक वेळा एक्सेलचे तक्ते भरणं आणि शनिवार-रविवारी किल्ल्यांसमोर फोटो. चाकणला बसनं जाऊन सहा महिने शॉप फ्लोअरवर घालवले तर मशीनला हात तरी लागतो. ९५० युरोत तिथं काय होतं हे कोणीतरी आकडे मांडून सांगा, मग बोलू.

नेकारकाठ
ताई, अभिनंदन. मी याच राज्यात, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये नोकरी करतो, आमच्या विभागात दरवर्षी इंटर्न येतात. सविस्तर लिहितो, कारण कंपनीनं विचारलेल्या त्या एका प्रश्नावर तुमचं बाकीचं बरंच काही अवलंबून आहे.

जर्मनीत इंटर्नशिपचे दोन प्रकार मानतात. अभ्यासक्रमात सक्तीची असते ती फ्लिश्टप्राक्टिकुम, आणि स्वतःच्या हौसेनं केलेली ती ऐच्छिक. १ जानेवारी २०१५ पासून इथं किमान वेतनाचा कायदा आहे. तेव्हा तासाला ८.५० युरो होते, २०२५ मध्ये १२.८२ झाले. सक्तीच्या इंटर्नशिपला हा कायदा लागू नाही. ऐच्छिक असेल तर तीन महिन्यांपर्यंत सूट आहे, त्याहून लांबली की किमान वेतन द्यावंच लागतं, आणि तेही पहिल्या दिवसापासून. आठवड्याला ४० तास धरले तर २०२५ च्या दरानं महिन्याला सव्वादोन हजार युरोंच्या आसपास जातं. ज्या कंपनीनं ९५० देऊ केलेत तिच्या हिशोबात ते बसत नाही. म्हणून मनुष्यबळ विभागाची बाई पत्र मागते आहे. ती अडवणूक करत नाहीये, उद्या तपासणी झाली तर तिला तो कागद दाखवावा लागेल.

आता खरी मेख. 'इंटर्नशिप सक्तीची आहे' एवढं लिहून भागत नाही, आठवड्यांचा आकडा लागतो. अभ्यासक्रमात जेवढे आठवडे लिहिलेत तेवढेच सक्तीचे धरतात. तुमच्या अभ्यासक्रमात सहा आठवडे असतील आणि करार सव्वीस आठवड्यांचा असेल, तर उरलेले वीस ऐच्छिक होतात, म्हणजे तीन महिन्यांच्या वर. आणि कंपनी हात वर करते.

तेव्हा आधी अभ्यासक्रमाचं पुस्तक काढा आणि इंटर्नशिपसमोर नेमके किती आठवडे आणि किती क्रेडिट लिहिलेत ते पाहा. एनओसी म्हणजे 'आमची हरकत नाही'. कंपनीला 'आमची सक्ती आहे' असं हवंय.

व्हिसाचं: बाहेरच्या देशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या सेमिस्टरनंतर, स्वतःच्या विषयाशी संबंधित इंटर्नशिप एक वर्षापर्यंत करता येते. त्यासाठी जर्मन रोजगार खात्याची संमती लागते. ती कंपनी मागवते, तुम्ही नाही. संमती मिळाली की तो कागद व्हिसाच्या अर्जाला जोडायचा. तीन महिन्यांहून जास्त आहे, म्हणजे शेंगेन पर्यटक व्हिसा नाही, राष्ट्रीय व्हिसा. शुल्क ७५ युरो. 'आधी टूरिस्टवर ये, मग बघू' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. टूरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही आणि इथं येऊन तो बदलूनही मिळत नाही.

कोथरूडकरीण
नेकारकाठ, किती नीट समजावलंत. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्याच पुस्तक काढायला सांगते.

रानमेवा
काकू, मी गेल्या वर्षी श्वेबिश भागातल्या एका छोट्या गावात सहा महिने करून आले. खवचटकाकांना उत्तर द्यायचंय म्हणून आधी तेच.

एक्सेलचं म्हणणं अगदीच खोटं नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलाचा अर्धा वेळ खरंच जुन्या चाचण्यांचे आकडे एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये नेण्यात गेला. पण मला मोजमापाच्या खोलीत बसवलं होतं. तीन अक्षांत मोजणारं यंत्र, खोलीचं तापमान वर्षभर २० अंश, भाग आत आणला की तो गार होईपर्यंत हातच लावायचा नाही. तिथं मी एका भागाच्या तपासणीचा प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहिला. हा फरक नशिबाचा नव्हता. मी जायच्या आधी ईमेल करून तीन गोष्टी विचारल्या होत्या: माझा बेट्रॉयर, म्हणजे मला सांभाळणारा माणूस, कोण, माझा विषय एका ओळीत काय, आणि त्या कामाला लागणारं यंत्र मला स्वतः वापरायला मिळेल का. त्या मुलानं काही विचारलं नव्हतं, त्याच्या करारात नुसतं 'गुणवत्ता विभाग' होतं. लेकीला सांगा, सही करायच्या आधी हे विचारून घे. जर्मन लोक अशा प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट 'हिला कळतंय' म्हणतात.

दुसरं म्हणजे काम संपलं की कोणी नवीन काम आणून देत नाही. तुम्ही गप्प बसलात तर तुम्ही कामात आहात असं समजतात. पहिले दोन आठवडे मला वाटायचं मी कोणाला नकोच आहे. मग बेट्रॉयरबरोबर दर सोमवारी पंधरा मिनिटं ठरवून घेतली आणि सगळं बदललं.

भाषेचं मात्र सांगते. बी-१ घेऊन ऑफिसात निभतं. शॉप फ्लोअरवर श्वेबिश, म्हणजे तिथली बोली, बोलतात, ती रानड्यातल्या जर्मनपेक्षा बरीच वेगळी ऐकू येते. महिनाभर कान लावला की बसते. जेवणाच्या वेळी समोरून येणारा प्रत्येक जण 'माल्त्साइट' म्हणतो, आपणही म्हणायचं. आणि वाढदिवस असला की केक आपण आणायचा, लोक आपल्याला देत नाहीत! हे आधी कळलं तर त्या दिवशी कोपऱ्यात बसून वाट बघत राहावं लागणार नाही.

खवचट_शनिवारी
रानमेवा, सविस्तर प्रतिसादाबद्दल धन्यवाद. मोजमापाच्या खोलीपुरतं मत मागे घेतो. पैशाचं अजून कोणी बोललेलं नाही.

नेकारकाठ
घ्या आकडे. टुटलिंगेन म्हणजे श्टुटगार्ट नव्हे, हे तुमच्या पथ्यावर आहे. फुर्टवांगेनच्या तंत्र विद्यापीठाचं एक आवार तिथं आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सामायिक घरांतल्या खोल्या मिळतात. साडेतीनशे ते साडेचारशे युरोंत खोली धरा. घरी रांधलं तर खाणं दोनशे. डॉइचलांडटिकट, ज्यावर देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम चालतात, ते मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ होतं, २०२६ पासून ६३. वेगवान आयसीई गाड्यांत ते चालत नाही. आरोग्य विमा आणि फोन मिळून शंभराच्या आत बसवता येतं. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६ युरो आहे, पण ती घरामागे एक, माणसामागे नाही. घरातल्यांनी वाटून घ्यायची.
बेरीज साडेसातशे ते आठशेच्या घरात जाते. म्हणजे ९५० मध्ये भागतं, थोडं फिरणंही होतं. शिल्लक टाकून घरी पैसे आणीन असं मात्र कोणी मनात आणू नये.

अडचण महिन्याच्या खर्चाची नसतेच, पहिल्या महिन्याची असते. पगार महिनाअखेरीस येतो. त्याआधी विमानाचं तिकीट, पहिलं भाडं आणि अनामत. अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापर्यंत मागता येते. तेव्हा दोन-अडीच हजार युरो हाताशी घेऊनच निघावं. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे अहोंना हिशोब करता येईल. अनामत जाताना परत मिळते, पण बऱ्याचदा महिना-दोन महिने उशिरानं.

शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो दाखवावे लागतात. इंटर्नशिपला वकिलातीची यादी वेगळी असते, ती तिच्या संकेतस्थळावरूनच घ्या. कापाकापीआधीचा ९५० हा आकडा त्याच्या खाली आहे, त्यामुळे वडिलांचं हमीपत्र किंवा थोडी रक्कम खात्यात दाखवायची तयारी ठेवा. किंवा कंपनीला सरळ विचारा, की एक हजार करता का. व्हिसाचं कारण सांगितलं तर बऱ्याच कंपन्या करतात.

आदूबाळाची_मावशी
खोलीबद्दल माझीही भर. भाच्याच्या वेळी पाहिलं ते सांगते. जर्मन विद्यार्थी स्वतः कुठेतरी इंटर्नशिपला किंवा एक्स्चेंजला गेले की आपली खोली सामानासकट सहा महिने भाड्यानं देतात. आपल्यासाठी हेच सगळ्यात सोयीचं, पलंग-टेबल घ्यायला नको. मार्च आणि सप्टेंबर ही त्यांचीही ये-जा करायची वेळ, तेव्हा जानेवारीपासून शोधायला लागा.
आणि 'मी सध्या लंडनला आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरनं पाठवतो' असं सांगणारा घरमालक शंभर टक्के भामटा. व्हिडिओ कॉलवर घर, घरातली माणसं पाहिल्याशिवाय एक सेंट पाठवायचा नाही. नोंदणीसाठी कागद देणार का, हेही आधीच विचारायचं.

नेकारकाठ
मावशी, +१. तो कागद फार महत्त्वाचा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाची सही लागते. नोंदणी झाली की काही आठवड्यांत पोस्टानं कर क्रमांक येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर सगळ्यात चढ्या वर्गानं कर कापू शकतात. वर्षाच्या हिशोबात परत मिळतो, पण तेव्हा मुलगी पुण्यात आलेली असते. पोस्टाच्या पेटीवर स्वतःचं नाव चिकटवायला विसरू नये. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथं अजून निम्मं जग पोस्टानं चालतं.

द्राक्षबाग
जरा वेगळा अनुभव, पण लोकांना उपयोगी पडेल. आमचा पुतण्या नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट करत होता. एका एजंटनं अमेरिकेतल्या इंटर्नशिपसाठी मोठी रक्कम घेतली. सांगितलं होतं, किचनचं प्रशिक्षण मिळेल. तिथं गेल्यावर सलग खोल्या साफ करायला लावलं. पोरगं रडकुंडीला आलं.
नंतर नियम वाचले तेव्हा कळलं. अमेरिकेत हे जे-१ व्हिसावर होतं. त्यासाठी तिथल्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली प्रायोजक संस्था लागते, आणि डीएस-७००२ नावाचा प्रशिक्षणाचा आराखडा असतो, त्यावर विद्यार्थी, प्रायोजक आणि हॉटेल तिघांच्या सह्या असतात. नियमात स्पष्ट आहे, की अकुशल कामाला माणूस मिळावा म्हणून हा कार्यक्रम वापरायचा नाही, कारकुनी काम वीस टक्क्यांच्या वर नको, आणि हॉटेलातली इंटर्नशिप सहा महिने किंवा त्याहून लांब असेल तर निदान तीन विभागांतून फिरवायलाच हवं. आराखड्याची प्रत पुतण्याकडे होती, त्यावर तीन विभाग लिहिलेले होते, सहीसुद्धा त्याचीच! वाचलंच नव्हतं कोणी. प्रायोजक संस्थेला ती प्रत जोडून ईमेल केली, त्यानंतर विभाग बदलून मिळाला.
तेव्हा लोकहो, एजंट असो वा नसो, जो कागद सहीला येतो तो घरातल्या एकानं तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

खवचट_शनिवारी
द्राक्षबाग, असा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा. एजंटांबद्दल माझी काही खवचट मतं आहेत, पण धागा भरकटेल.

सेनकाठची_सई
फ्रान्सचं थोडक्यात, कारण कॉलेजचा त्रास तिथंही तोच. तिथं कॉन्व्हेन्शन दे स्टाज नावाचा करार असल्याशिवाय इंटर्नशिप होऊच शकत नाही. विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी असे तीन पक्ष, वर कंपनीतला मार्गदर्शक आणि कॉलेजातला मार्गदर्शक प्राध्यापक यांच्याही सह्या, म्हणजे एकूण पाच. एका कंपनीत वर्षाला सहा महिन्यांची मर्यादा, आणि दोन महिन्यांच्या वर गेलं की विद्यावेतन द्यावंच लागतं. माझ्या वेळी कंपनी दोन दिवसांत सही करून मोकळी झाली. आपल्याकडे मात्र 'फ्रेंचमधल्या कागदावर आम्ही सही करत नाही' इथून सुरुवात. मी दोन भाषांतला नमुना शोधून दिला, विभागप्रमुखांना समोर बसून समजावला, तेव्हा कुठे शिक्का उठला. कोथरूडकरीणताई, लेकीला सांगा, पत्राचा मजकूर तिनंच तयार करून न्यावा. नवीन पत्र लिहायला कोणाला वेळ नसतो, तयार मसुद्यावर सही मिळते.

जुनी_जाणती_एचआर
मी पुण्यातल्या एका उत्पादन कंपनीत भरती बघते. खवचट यांच्या मूळ मुद्द्यावर बोलते, कारण तो अहोंचाही मुद्दा आहे.
बायोडेटावर 'जर्मनी' लिहिलंय म्हणून आम्ही कोणाला घेत नाही. हे स्पष्ट सांगते. मुलाखतीत मी एकच विचारते, 'तिथे कोणता प्रश्न तुझ्या हातात दिला होता आणि त्याचं तू काय केलंस?' पाच मिनिटं नीट बोलता आलं तर ती इंटर्नशिप चाकणची असो की टुटलिंगेनची, मला सारखीच. न बोलता आलेली परदेशी इंटर्नशिप मी बऱ्याचदा पाहिली आहे, फोटो मात्र छान असतात. तिथवर खवचट बरोबर आहेत.
पण या मुलीचा मामला मला वेगळा वाटतो. टुटलिंगेन हे साध्या गावासारखं गाव नाही. पस्तीस-छत्तीस हजार वस्ती आणि वैद्यकीय उपकरणांच्या चारशेहून जास्त कंपन्या. एस्क्युलाप १८६७ पासून आणि कार्ल श्टोर्त्झ १९४५ पासून तिथंच आहेत. बाकीच्यांत आठ-दहा माणसांची घरगुती वर्कशॉपं कितीतरी, हातानं चिमट्याचं टोक घासून जुळवणारे कारागीर आहेत तिथं. चाकणमध्ये गाड्या आहेत, हे नाही. तिला वैद्यकीय उपकरणांत पुढे काही करायचं असेल तर तिथं राहून जे दिसेल ते इथं दिसणार नाही. फक्त 'जर्मनी' हवी असेल तर मी म्हणेन, राहू दे.
तिला विचारलंय का कोणी, तिला हेच काम का हवंय?

कोथरूडकरीण
एचआरताई, चांगलं विचारलंत. संध्याकाळी तिला बसवून विचारलं. तिचा आजोबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून हा विषय सुरू झाला, मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्पही हाडाच्या स्क्रूवर होता म्हणे, आणि कंपनीला तिनं तोच पाठवला होता. अहो ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण नंतर विमानाचे दर बघत बसले होते.

पत्राचं: पुस्तक काढलं. चौथ्या-सहाव्या सेमिस्टरनंतरची इंटर्नशिप चार आठवड्यांचीच आहे, ती तिनं केलेली. पण आठव्या सेमिस्टरला पर्याय सापडला! कॉलेजात बसून प्रकल्प आणि दोन विषय करायचे, किंवा पूर्ण सेमिस्टर उद्योगात काढायचं, वीस आठवडे, त्याला क्रेडिट आहेत. प्लेसमेंटच्या सरांना हे माहीत होतं, पण तो पर्याय फक्त इथल्या कंपन्यांसाठी वापरतात असं म्हणाले. नियमात तसं काही लिहिलेलं नाही. आता विभागप्रमुखांना भेटायचंय. पर्यायी असेल तर ते 'सक्तीचं' होतं का?

नेकारकाठ
उत्तम बातमी. पर्याय निवडल्यावर ते सेमिस्टर पास व्हायला इंटर्नशिप करावीच लागते ना? मग पत्रात तसंच लिहा: 'उद्योग सेमिस्टर हा मार्ग या विद्यार्थिनीनं निवडला आहे, विभागानं मंजूर केला आहे, पदवीसाठी या सेमिस्टरमध्ये वीस आठवड्यांची इंटर्नशिप पूर्ण करणं तिला बंधनकारक आहे, क्रेडिट इतके.' खाली नियमाचा क्रमांक, आणि अभ्यासक्रमाच्या त्या पानाची प्रत जोडा. हे मान्य करायचं की नाही ते शेवटी कंपनी आणि रोजगार खातं ठरवेल, पण आमच्याकडे अशी पत्रं चाललेली मी पाहिली आहेत.

उरलेले सहा आठवडे. ते कंपनीला ऐच्छिक म्हणून वेगळ्या करारात घालता येतील, तीन महिन्यांच्या आतच आहेत. किंवा सरळ वीस आठवड्यांवर थांबा. लेकीनं हे कंपनीला स्वतः सुचवावं, त्यांना तिढा सोडवून दिलेला आवडतो.

यात एक बारीक फरक आहे, माहीत असू द्या. सक्तीच्या काळात कायद्यानं रजेचा हक्क नसतो. ऐच्छिक भागात असतो. बहुतेक कंपन्या महिन्याला दीड-दोन दिवस आपणहून देतात, पण ते करारात लिहून घ्यावं. कामावर किंवा कामावर जाता-येताना अपघात झाला तर मात्र कंपनीच्या अपघात विम्याचं संरक्षण इंटर्नला दोन्हीकडे असतं.

रानमेवा
काकू, कॉलेजकडून आणखी एक लेखी घ्या: मधली परीक्षणं आणि शेवटची तोंडी परीक्षा ऑनलाइन चालेल का. माझ्या मैत्रिणीला मे महिन्यात 'प्रत्यक्ष हजर राहा' असा मेसेज आला होता. सगळं तोंडी ठरलेलं, ज्यांनी ठरवलं ते सर बदलले. आणि कंपनीतलं काम अहवालात किती दाखवता येईल तेही दोघांत आधी बोलून घ्यायला सांगा. माझ्या अहवालातल्या सगळ्या मापांवर काळ्या पट्ट्या मारायला लावल्या होत्या, परीक्षक म्हणाले, 'यात उरलं काय?'

छोट्या गावात एकटीचं म्हणाल, तर मला भीती अशी वाटली नाही. रात्री एकटी स्टेशनवरून चालत यायचे. त्रास होता तो कंटाळ्याचा. रविवारी दुकानं कडकडीत बंद, शेवटची बस लवकर जाते, आणि शनिवारी संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गावातल्या बॅडमिंटनच्या क्लबात नाव घातलं. तिथं क्लब म्हणजे श्रीमंतांचं काम नाही, वर्गणी अगदी थोडी असते, आणि ओळखी खऱ्या तिथंच होतात. ऑफिसातले लोक पाच वाजता घरी गेले की सोमवारपर्यंत दिसत नाहीत.

आणि केअरवोखे! आमच्या इमारतीत दाराला पाटी लटकायची. ज्याच्या दाराला पाटी त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. घरमालकीणबाई बोट फिरवून बघायच्या. आईला सांगितलं तर म्हणाली, 'इथं कधी स्वतःची खोली झाडली नाहीस.'

आदूबाळाची_मावशी
हा हा, त्या घरमालकीणबाईंना आमच्या सोसायटीत पाठवा.
अवांतर: शाकाहारी आहे का लेक? त्या श्वेबिश भागात मसुरीची आमटी मिळते, पण ती सॉसेजसकट येते. 'बिनसॉसेजची' असं आधीच सांगायचं. केझ-श्पेत्सले, म्हणजे चीज घातलेले पिठाचे शेवईसारखे तुकडे, बिनधास्त खावेत. माउलटाशन करंज्यांसारख्या दिसतात, बहुतेकांत मांस असतं.

कोथरूडकरीण
लेक अंडं खाते, बाकी शाकाहारी. नोंद केली.

आज विभागप्रमुख मॅडमना भेटलो. सईनं सांगितल्याप्रमाणे लेक मसुदा घेऊनच गेली होती. मॅडमनी वीस मिनिटं वाचला, दोन शब्द बदलले आणि सही केली. वर म्हणाल्या, पुढच्या बॅचसाठी मसुद्याची फाइल मला ईमेल कर. ऑनलाइन परीक्षणाचंही त्याच पत्रात घातलं. प्लेसमेंटच्या सरांनी मात्र 'मग इथल्या कंपन्यांच्या भरतीच्या ड्राइव्हला बसता येणार नाही' असं सांगितलं. हे खरं आहे. त्यावर घरी थोडी वादावादी झाली. लेक म्हणाली, 'बसायचं नाहीये.' बघू.
कंपनीचं उत्तर आलं: पत्र चालेल, वीस आठवड्यांचा करार, महिना १००० युरो, पुढचे सहा आठवडे हवे असतील तर जूनमध्ये ठरवू. रोजगार खात्याचा अर्ज ते या आठवड्यात करताहेत. विषयही कळवला, पकडीच्या चिमट्यांची थकवा-चाचणी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन ते कधी तुटतात ते बघायचं. चाचणीचं यंत्र ती स्वतः चालवणार.

खवचट_शनिवारी
थकवा-चाचणी! हे काम मी तीस वर्षं इथं केलंय, स्प्रिंगांवर. लेकीला माझा निरोप द्या, यंत्र रात्रभर चालत असतं आणि भाग पहाटे तुटतो. कितव्या फेरीला तुटला त्या आकड्याइतकीच तुटलेल्या जागेची तपासणी महत्त्वाची असते, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मागायचं. जायच्या आधी तिला प्रश्न असतील तर व्यक्तिगत संदेश करा, फोनवर बोलू.
ड्राइव्हचं म्हणाल तर बसली नाही म्हणून फार बिघडत नाही. हे मी अहोंच्या बाजूनं लिहितोय असं समजा.

जुनी_जाणती_एचआर
छान झालं. शेवटी एक कागद राहू नये. परत येताना त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, मागून घ्यायचं. नुसतं 'इतके आठवडे होती' असं नको; काय काम केलं आणि कसं केलं हे लिहिलेलं हवं. त्यांची वाक्यं ठरलेली असतात. 'नेहमीच पूर्णतम समाधान' अशा अर्थाचं लिहिलं असेल तर उत्तम, 'प्रयत्न केला' असं असेल तर नापास समजा. शेवटचा महिना सुरू झाला की बेट्रॉयरला आठवण करायची, कारण ऑगस्टमध्ये अर्धी जर्मनी सुट्टीवर असते.

नेकारकाठ
ताई, आता व्हिसाची तारीख बघून ठेवा. रोजगार खात्याचा कागद आल्यावर शोधायला लागलात तर फेब्रुवारी उजाडेल. आणि मार्चमध्ये इथं बर्फ असू शकतो. जाड कोट पुण्यातून आणू नका, वजन वाया जातं. इथं हिवाळा संपताना सेलमध्ये मिळतो.

कोथरूडकरीण
कोट आधीच घेतलाय अहोंनी.